वाचकांचे प्रश्न : विमानसेवेतील वैयक्तिक करार आणि केबिन क्रूची संघटना

केबिन क्रूच्या नोकरीतील करारांविषयी या महिन्यात नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : कंपनी संघटनेला बाजूला ठेवून प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे स्वतंत्र करार ठेवत असेल, तर काय करावे? त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो असून सिडकोत राहतो. माझी मुलगी सहा वर्षांपासून एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे आणि तिचा बेस, म्हणजे जिथून तिची ड्युटी सुरू होते ते शहर, मुंबई आहे. संघटनेने कंपनीशी केलेल्या कराराची मुदत संपून काही महिने झाले. नव्या मागणीपत्रावर बोलणी चालू असतानाच कंपनीने प्रत्येकाला ई-मेलने वैयक्तिक करार पाठवला आहे. दहा दिवसांत सही केल्यास एकरकमी रक्कम आणि मूळ पगारात वाढ मिळेल, न केल्यास जुन्याच पगारावर राहावे लागेल, असे त्यात म्हटले आहे. संघटना सही करू नका म्हणते. मुलगी रडकुंडीला आली आहे. आमच्याकडे करार संघटनाच करायची आणि फरक सगळ्यांना मिळायचा. तिने काय करावे? मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर : दहा दिवसांच्या मुदतीला घाबरून तुमच्या मुलीने सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने आजच मनुष्यबळ विभागाला ई-मेलने कळवावे की, संघटनेशी बोलणी चालू असल्यामुळे सेवाशर्तींविषयीचा कोणताही प्रस्ताव संघटनेपुढेच ठेवावा, आणि तोवर आपण सध्याच्या करारानुसार काम करीत राहू. पत्र नम्र असावे, चार ओळींचे असावे आणि त्याची प्रत संघटनेच्या सरचिटणिसांकडे जावी. गप्प बसणे मात्र धोक्याचे आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या मसुद्याच्या शेवटच्या पानावर, मुदतीत हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल, असे वाक्य आहे.

कराराची मुदत संपली म्हणजे त्यातले हक्कही संपले, अशी भीती तिच्या मनात घातली गेलेली दिसते. ती निराधार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, मुदत संपली तरी एखाद्या पक्षाने समझोता (म्हणजे संघटना आणि मालक यांच्यातील करार) संपवण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत तो बंधनकारक राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत हीच व्यवस्था ६० दिवसांच्या मुदतीने कायम ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या बोनस प्रकरणात त्याही पुढे जाऊन सांगितले, की नोटीस देऊन समझोता संपवला तरी त्याची जागा नवा समझोता, निवाडा किंवा कायदा घेईपर्यंत जुन्या शर्ती चालूच राहतात. याखेरीज वेतन, भत्ते, कामाचे तास किंवा रजा यांत कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा असेल, तर मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे, ही तरतूदही जुन्या कायद्यातून संहितेत आलेली आहे.

आता मसुद्याकडे वळू. पगारवाढीचा आकडा पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहे आणि ती वाढ खरी आहे. पण केबिन क्रूची मिळकत मूळ पगारावर थोडी आणि उड्डाणभत्त्यावर अधिक अवलंबून असते. अनेक कंपन्यांत हा भत्ता विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा थांबेपर्यंतच्या तासांवरच मोजला जातो. विमानतळावर हजर होणे, उड्डाणापूर्वीची तपासणी, प्रवासी चढेपर्यंतचा वेळ आणि विलंब झाला तर दरवाजाशी उभे राहून काढलेले तास यांत धरले जात नाहीत. म्हणूनच जुन्या करारात महिन्याला ६० तासांच्या भत्त्याची हमी होती, मग रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, प्रत्यक्ष उड्डाण कितीही कमी लागो. नव्या मसुद्यात या हमीचा उल्लेखच नाही. ज्या महिन्यात उड्डाणे कमी लागतील, त्या महिन्यात मूळ पगारातील वाढ या तुटीत विरून जाईल. तुम्ही कारखान्यात काम केले आहे. उत्पादन बंद पडले तरी हजेरीचा पगार मिळणे आणि तो न मिळणे यांतला फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको.

दुसरे कलम अधिक गंभीर आहे : ‘कंपनीची वेळोवेळी सुधारित होणारी धोरणे या कराराचा भाग राहतील.’ याचा अर्थ असा की, आज सही केलेल्या कागदातील मजकूर उद्या एकट्या कंपनीच्या निर्णयाने बदलू शकतो, आणि त्या बदलाला तुमच्या मुलीने आधीच संमती दिलेली असेल. तिसरे कलम मुदतीचे आहे. सहा वर्षे कायम नोकरीत असलेल्या मुलीला हा करार ३ वर्षांच्या मुदतीवर आणतो, नूतनीकरण कंपनीच्या मर्जीवर ठेवतो, आणि शिवाय स्वतःचा पगार सहकाऱ्यांना सांगण्यास मनाई करतो. ही तीन कलमे एकत्र वाचली म्हणजे एकरकमी रकमेच्या बदल्यात कंपनी काय मागते आहे, ते ध्यानात येते.

संघटनेच्या दृष्टीने निर्णायक काळात तिचे प्रयत्न खिळखिळे करण्याच्या हेतूने पगारवाढ देणे, ही जुन्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत स्पष्ट शब्दांत नोंदलेली अनुचित कामगार प्रथा आहे आणि संहितेच्या अनुसूचीतही ती आहे. हेतू सिद्ध करावा लागतो, हे खरे. म्हणून ई-मेल कोणत्या तारखेला आला, त्याआधी बोलणी कोणत्या दिवशी झाली आणि वरिष्ठांनी तोंडी काय सांगितले, याची नोंद प्रत्येकीने ठेवावी आणि ती संघटनेकडे द्यावी.

अशाच स्वरूपाचा एक खटला इंग्लंडमध्ये गाजला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कोस्टाल या कंपनीचा प्रस्ताव संघटनेच्या सभासदांनी मतदानाने फेटाळला, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने कामगारांना थेट पत्रे पाठवली आणि लवकर मान्यता न दिल्यास नाताळचा बोनस बुडेल, असे कळवले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निर्णय दिला, की संघटनेशी ठरलेली बोलण्यांची प्रक्रिया पूर्ण झालेली नसताना तिला वळसा घालून कामगारांना असे प्रस्ताव देता येत नाहीत. प्रक्रिया खरोखर संपल्यावर तसे करता येऊ शकते, असेही त्या न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे संघटनेनेही बोलण्यांना टाळाटाळ करता कामा नये. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार आपल्या अनुसूचीतील तरतुदीशी जुळणारा आहे.

एक विनंती तुम्हाला, वडील म्हणून. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे मुलीला सांगण्याऐवजी तिच्याबरोबर बसून जुना आणि नवा करार कलमागणिक शेजारी ठेवून वाचा. ती घाबरली आहे, कारण हा कागद तिच्या एकटीच्या मोबाइलवर, रात्रीच्या ड्युटीनंतर आला. तिच्या बॅचमधल्या इतर मुलींनाही तोच मसुदा आला आहे का, हे तिने विचारावे. सगळ्या मसुद्यांत नावाखेरीज काहीच वेगळे नसेल, तर प्रत्येकीच्या गुणांकडे पाहून हा करार दिला आहे, असा दावा कंपनीने केलाच, तर तो तिथेच संपतो.

प्रश्न : मी कॉलेज रोडला राहते, वय २४. माझ्या कंपनीत संघटना नाही. माझा करार वैयक्तिकच आहे आणि मला तो पटतो. प्रवाशांचे अभिप्राय चांगले असलेल्या, दोन परदेशी भाषा येणाऱ्या मुलीने सगळ्यांइतकाच पगार का घ्यावा? संघटना झाली तर कामचुकारांचे फावणार नाही का?

उत्तर : भाषेसाठी, वरिष्ठतेसाठी किंवा प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामासाठी अधिक भत्ता मिळणे रास्त आहे आणि संघटनेने केलेल्या करारातही तशी तरतूद करता येते. सामूहिक करार सर्वांना एकच रक्कम देतो, हा समज बरोबर नाही. तो किमान पातळी ठरवतो आणि वरच्या रकमेचे निकष सर्वांसमोर उघड करतो.

तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारावा : सही करण्यापूर्वी तुम्ही मसुद्यातील एखादे कलम बदलून घेऊ शकलात का? बेस, रोस्टर, स्टँडबायचे (बोलावणे आल्यास हजर होण्यासाठी तयार राहण्याचे) दिवस, यांपैकी कशावर तरी बोलणे झाले का? झाले असेल तर तुमचा करार खरोखर दोघांनी मिळून केलेला आहे. झाले नसेल, तर तो कंपनीचा छापील मसुदा आहे आणि तुमच्या हुशारीचा त्यात कोठेही विचार झालेला नाही.

माझी खरी काळजी मुदतीच्या वैयक्तिक करारांच्या नूतनीकरणाची आहे. केबिन क्रूचे पहिले काम सुरक्षेचे असते. ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू असावा, हा नियम खाद्यपदार्थ वाढण्यासाठी केलेला नाही. आग, धूर किंवा आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढणे यांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने आपण थकलेलो आहोत, आज उड्डाणास योग्य नाही, असे सांगितले तर ते ऐकले गेले पाहिजे. ज्या मुलीचा करार चार महिन्यांनी नव्याने व्हायचा आहे, ती हे सांगताना कचरेल, आणि त्यात तिचा दोष नाही.

मर्जीवर चालणाऱ्या मुदतवाढीचा अनुभव आपल्याकडच्या हवाई सेविकांनी घेतलेला आहे. एअर इंडियाच्या जुन्या नियमांनुसार त्यांना ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, आणि त्यापुढे एकेक वर्षाची वाढ देणे व्यवस्थापकीय संचालकांच्या इच्छेवर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा प्रकरणात हा अनिर्बंध अधिकार घटनाबाह्य ठरवला आणि पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा नियमही रद्द केला. नोकरी लागल्यापासून चार वर्षांत लग्न केल्यास सेवा संपवण्याचा नियम मात्र त्याच निकालात टिकला, हेही सांगितले पाहिजे.

संघटना नेहमी प्रत्येकाच्या मनासारखे करते, असे मी म्हणणार नाही. २००३ मध्ये एअर इंडियाच्या केबिन क्रूच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संघटनेने केलेल्या समझोत्यांना महत्त्व दिले आणि काही हवाई सेविकांना स्वतःसाठी हवी असलेली निवृत्तीच्या वयाची शर्त नाकारली गेली. म्हणून सभासदाने वर्गणी भरून घरी न बसता मागणीपत्र तयार होते त्या बैठकीला गेले पाहिजे. महिला सभासद अधिक आणि पदाधिकारी बहुतेक पुरुष, असे चित्र असेल तर ते बदलण्याचा आग्रहही तेथेच धरला पाहिजे.

आणखी एक घटना. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना अचानक कमी केले. त्यांत नव्याने लागलेल्या केबिन क्रूचा मोठा भरणा होता. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र नेमणूकपत्र होते आणि त्याचा कोणालाही उपयोग झाला नाही. ही मुले-मुली मुंबईत एकत्र रस्त्यावर आली, राजकीय पाठबळ मिळाले, आणि अवघ्या दोन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. त्या दिवशी कोणाचे अभिप्राय चांगले होते, हे कोणी विचारले नाही.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा लहान कारखाना आहे. विमान कंपन्या एकामागून एक बुडत असताना संघटनांनी लवचिकतेला विरोध करणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणे नव्हे काय?

उत्तर : तुमची काळजी खोटी नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली, आणि तीनही वेळा कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. परंतु या कंपन्या केबिन क्रूच्या करारांमुळे बुडाल्या, असे म्हणण्याला आधार नाही. कर्जाचा बोजा, इंधनाचा खर्च, तिकिटांच्या दरांतील स्पर्धा, आणि गो फर्स्टच्या बाबतीत इंजिनांचा प्रश्न, ही कारणे सर्वांपुढे आली होती.

अडचणीच्या काळात सवलत मागण्याचा मालकाला अधिकार आहे आणि ती संघटनेकडे मागता येते. ताळेबंद दाखवावा, सवलत किती महिन्यांसाठी हवी ते सांगावे, आणि स्थिती सुधारल्यावर ती कशी परत मिळेल हे लिहून द्यावे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत मंदीच्या वर्षांत असे करार झालेले तुम्हीही पाहिले असतील. वैयक्तिक करारात मात्र सवलत कायमची होते, कारण ती परत मागायला पुढच्या वेळी समोर कोणीच उरत नाही.

अन्य देशांनीही हे करून पाहिले आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या कायद्याने वैयक्तिक करारांना मोकळीक मिळाली, २००६ मध्ये त्यांचे क्षेत्र आणखी वाढवण्यात आले, आणि लोकांची नाराजी निवडणुकीत उमटल्यावर २००८ मध्ये असे नवे करार करणे बंद झाले. युरोपात रायनएअरने वर्षानुवर्षे संघटनांना दाराबाहेर ठेवले होते. वैमानिकांच्या संपाच्या इशाऱ्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये तिने संघटनांना मान्यता देण्याची तयारी जाहीर केली, आणि त्यानंतरही ती कंपनी युरोपातील मोठ्या कंपन्यांपैकी एक म्हणून उभी आहे. मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये विल्सन आणि पामर यांच्या प्रकरणात सांगितले होते, की संघटनेमार्फत बोलण्याचा हक्क सोडणाऱ्यालाच अधिक पगार देऊ देणे हा संघटना-स्वातंत्र्याचा भंग आहे. त्यातील विल्सन हे एका वृत्तपत्रातील पत्रकार होते. वैयक्तिक करारावर सही करणाऱ्यांना ४.५ टक्के वाढ मिळाली, त्यांनी सही नाकारली आणि त्यांचा पगार सहकाऱ्यांच्या मागे पडत गेला. आपल्या देशाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे, संघटना आणि सामूहिक वाटाघाटींविषयीचे, करार अद्याप मान्य केलेले नाहीत, याचे मला दुःख आहे.

प्रश्न : मुलीची केबिन क्रू म्हणून निवड झाली आहे. प्रशिक्षणापूर्वी बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न केल्यास रक्कम भरण्याची लेखी हमी, मागतात. द्यावा का? (एक पालक, सिन्नर)

उत्तर : प्रशिक्षणाचा खर्च खरोखर झाला असेल तर वाजवी मुदतीचा आणि वाजवी रकमेचा बाँड अवैध ठरत नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ वर्षे सेवा न केल्यास २ लाख रुपये देण्याची अट ग्राह्य धरली. रक्कम, मुदत, आणि कंपनीने स्वतःहून काढल्यास बाँड लागू होणार नाही हे वाक्य, या तीन गोष्टी तपासाव्यात. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नये.

प्रश्न : वैयक्तिक कराराच्या निषेधार्थ आम्ही सर्वांनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकली तर? आणि तक्रार नाशिकच्या कामगार उपायुक्तांकडे करता येईल का? (केबिन क्रू, देवळाली)

उत्तर : असे करू नका. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने मोठ्या संख्येने आजारी असल्याचे कळवले, उड्डाणे रद्द झाली आणि २५ जणांना कामावरून काढण्यात आले. ९ मे रोजी दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात बैठक झाली, तेव्हा त्यांना परत घेण्याचे ठरले. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, पण मार्गामुळे ते अडचणीत आले, आणि समेटाच्या टेबलावर त्यांच्या वतीने बोलणारी संघटना होती म्हणून बचावले. आता संहितेनुसार निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संपच मानली जाते, आणि संपासाठी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरतो आणि कंपनीला हवे ते कारण आयते मिळते.

त्याऐवजी आधी सभासदसंख्या भक्कम करा. एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच वाटाघाटी करणारी एकमेव संघटना म्हणून मान्यता मिळते. ती टक्केवारी कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. त्यानंतर वैयक्तिक करारांविरुद्ध औद्योगिक विवाद उपस्थित करावा. समेटाची, म्हणजे कामगार अधिकाऱ्यासमोर तडजोड घडवण्याची, कार्यवाही सुरू झाली, की त्या विवादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला आपल्या मनाने बदलता येत नाहीत, आणि समेटात झालेला समझोता संघटनेत नसलेल्यांनाही, पुढे नोकरीत येणाऱ्यांनाही लागू होतो.

नाशिकच्या कामगार उपायुक्तांकडे मात्र जाऊ नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे विवाद तेथे चालतात, कारण त्यांच्यासाठी राज्य शासन हे समुचित शासन, म्हणजे कायद्याने अधिकार असलेले शासन, आहे. हवाई वाहतुकीसाठी ते केंद्र सरकार आहे, म्हणून अर्ज केंद्रीय कामगार आयुक्तांच्या मुंबई कार्यालयात संघटनेच्या लेटरहेडवर द्यावा, सोबत चालू करार, कंपनीने पाठवलेला मसुदा आणि बोलण्यांची इतिवृत्ते जोडावीत, आणि पोहोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये.